हरवली, की कोणी नेली?

"चावी हरवलीय, का कोन घेऊन गेलाय?"

भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या त्या टीचभर दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाळाराम भोईरांनी मला नाव विचारलं नाही की गाडी कोणती ते विचारलं नाही. पहिला प्रश्न हा. मी आधीच वैतागलेली होते. आदल्या रविवारी माझा नवरा सुधीर गाडी घरीच ठेवून रिक्षाने कल्याणच्या एका लग्नाला गेला आणि खिशातली गाडीची एकुलती एक चावी तिथे हरवून आला. गाडी सेकंडहँड घेतलेली, चावी एकच मिळालेली. दुसरी करून घे, असं मी वर्षभर कानीकपाळी ओरडत होते. शोरूममध्ये गेलो तर ते म्हणाले, गाडी टोचन लावून आणा, चावीची ऑर्डर टाका, पंधरा दिवस थांबा. खर्चाचा आकडा ऐकून सुधीर खुर्चीवरून उठला तो थेट घरी येऊनच बसला.

"हरवली हो," मी म्हणाले. "कोण कशाला नेईल?"

"घरातला कोन?"

"घरात आम्ही दोघं. मुलगी सासरी."

"मंग बरा," ते म्हणाले. म्हणजे काय बरं, ते मला तेव्हा कळलं नाही. माणूस चक्रम दिसतोय, एवढीच नोंद मी मनात केली.

त्यांनी गाडीचं आरसी बुक मागितलं, आधार कार्ड मागितलं आणि दोन्हीवरचं नाव बोट ठेवून वाचलं. मी महापालिकेच्या शाळेत शिकवते हे कळल्यावर म्हणाले, "बाई, कागद बघितल्याबिगर मी माझ्या बापाच्या गाडीची पन चावी बनवनार न्हाय. राग नका मानू." त्या दिवसापासून मी त्यांची 'बाई' झाले.

संध्याकाळी ते आमच्या कल्याण नाक्याजवळच्या बिल्डिंगखाली स्कूटरवरून आले. मूर्ती ठेंगणी, साठीच्या आसपासची. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून आणला होता, आपण तान्ह्या बाळाला आंघोळीनंतर गुंडाळतो तसा. गाडीला हात लावण्याआधी त्यांनी बॉनेटवर पंजा ठेवला आणि जरा थांबले. पुढे कळलं, तरुणपणी वीस-बावीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करणारा म्हणून, काढल्यामुळे त्यांच्या कानांचं मातेरं झालं होतं. यंत्राचं ते हाताने ऐकत. माणसांचं मात्र तोंडाकडे बघून ऐकत, त्यामुळे त्यांच्यासमोर खोटं बोलणं अवघड जाई.

काम करता करता त्यांनी मला चावीचं शास्त्र शिकवलं. मी जन्मभर पोरांना शिकवत आले, पण इतकं सोपं करून सांगणं मला जमलेलं नाही. "चावीत दोन वस्तू हायत, बाई. एक लोखंडाचा पाता. तो दार उघडतो. दुसरी आतली चिप. इंजान पात्याला इचारत न्हाय, चिपला इचारतो, तू आपल्या घरातली हाय का? गाडीच्या डोक्यात यादी असते. यादीत असंल तर चालू. नसंल तर कितीबी फिरव, न्हाय होनार."

"मग हरवलेली चावी?"

"ती यादीतनं पुसायची. म्हंजे कोनाला सापडली तरी नुसता दार उघडंल. गाडी काय हलनार न्हाय."

पण पुसण्याआधी त्यांनी गाडीच्या डोक्यातलं सगळं जसंच्या तसं लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलं. मी म्हटलं, पुसायचंच आहे तर हा खटाटोप कशाला? ते म्हणाले, "आधी जुना जपायचा, मंग नवा लिवायचा. उद्या तुमच्या मनात आला, जुना पाहिजे होता, तर?" त्यांच्या लॅपटॉपमध्ये भिवंडीतल्या शेकडो गाड्यांच्या अशा जुन्या याद्या जपलेल्या होत्या. तासाभरात आमची गाडी सुरू झाली. शोरूमच्या पाव खर्चात एक सोडून दोन चाव्या मिळाल्या.

जाताना सुधीरच्या हातात चावी देत ते म्हणाले, "चावी म्हंजे ओळख. घाईत द्यायची न्हाय न रागात काढायची न्हाय." सुधीरने मान डोलावली आणि चार महिन्यांत ती चावीही हरवली. त्यामुळे माझं त्या दुकानात जाणं-येणं वाढलं.

दुकानाच्या मागेच त्यांच्या दोन खोल्या होत्या. तिथून त्यांची बायको, सुमनवहिनी, चहा पाठवी. आणि दुकानासमोर उभी असे एक राखाडी रंगाची छोटी गाडी. आसपासच्या कारखान्यांतून कापसाचं तूस सतत उडत असतं, निजामपुऱ्यात कुठलीही वस्तू तासभर ठेवली की तिला दाढी येते. ही गाडी मात्र नेहमी पुसलेली. ती कधी जागची हललेली मी पाहिली नाही. रोज दुपारी चार वाजता बाळाराम हातातलं काम टाकून उठत, डावीकडचं दार उघडून डाव्या सीटवर बसत, तिथूनच वाकून चावी लावत आणि इंजिन सुरू करत. मग डॅशबोर्डवर पंजा ठेवून दहा मिनिटं गप्प. आत वहिनींना इंजिनाचा आवाज गेला की त्या चहाचं आधण ठेवत. चहा आला की इंजिन बंद. घड्याळ चुकेल पण हे चुकणार नाही.

चालकाची सीट अगदी मागे सरकवलेली होती. बाळारामांचे पाय तिथून ब्रेकपर्यंत पोचलेच नसते. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "गाडी काय भुताने चालवायला ठेवली आहे का?" ते हसले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणजे ऐकू तर आलं होतं. मला माझीच लाज वाटली.

एकदा माझ्यासमोर जवळच्या शेलार गावचा एक तालेवार गडी आला. गळ्यात चेन, जमिनी गोदामांना दिलेल्या, दारात तीन गाड्या. बाळारामही मूळचे शेलारचेच, त्यामुळे त्याने काका म्हणून हाक मारली. दोघा भावांत वाटणी चालू होती. मोठी गाडी याच्या नावावर होती, एक चावी भावाकडे.

"काका, त्याची चावी उडवून टाका. कागद माझ्या नावाचं हायत."

"हरवलीय, का त्याच्याकडं हाय?"

"त्याच्याकडं हाय. म्हनून तर."

"मंग न्हाय."

"अवो, गाडी माझी हाय!"

"गाडी तुझी हाय. भाऊस पन तुझाच हाय ना? आधी त्याच्याशी बोल. चावी मी कवाबी पुसीन, त्याला पाच मिनटं लागतान."

गडी भडकला. भिवंडीत चावीवाले काय तुम्ही एकटेच आहात का, म्हणाला आणि धुरळा उडवत गेला. खरंच होतं ते. तासाभरात दुसऱ्या कोणी त्याचं काम करून दिलं असणार. मी बाळारामांना म्हटलं, आलेलं गिऱ्हाईक घालवलंत. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. "बाई, मी पुसलीय एकदा," ते म्हणाले. "मना म्हाईत हाय पुसल्यावर काय होता ते."

चार वाजले होते. ते उठून गाडीत जाऊन बसले, इंजिन सुरू केलं आणि पहिल्यांदाच मला हाताने बोलावलं. मी खिडकीशी उभी राहिले. इंजिन चालू असताना, डॅशबोर्डवरचा हात न काढता, त्यांनी मला रुपेशचं सांगितलं.

रुपेश त्यांचा एकुलता एक मुलगा. सहा फूट उंच, आईच्या माहेरच्या वळणावर गेलेला. बापाच्या हाताखालीच तयार झालेला, आणि मशीनमधलं बापापेक्षा जास्त कळणारा. ही गाडी त्याच्यासाठीच घेतली होती. एके दिवशी बाळाराम दुकानात नसताना त्याचा एक मित्र आला, आपल्या मामाची गाडी आहे, चावी हरवली म्हणाला. रुपेशने कागद न बघता, मैत्रीखातर चावी बनवून दिली. गाडी मामाची नव्हतीच. आठवड्याने पोलीस दुकानात आले. चौकशीत पोराचा दोष निघाला नाही, मित्राने त्यालाही फसवलं होतं. पण पोलीस दारात उभे असताना, सगळा निजामपुरा बघत असताना बाळारामांनी चोवीस वर्षांच्या मुलाच्या थोबाडीत मारली.

"बोल्लो, चोराला माझ्या घरात जागा न्हाय. तो तसाच निंगाला. अंगावरच्या कपड्यानिशी. गाडीची चावी त्याच्या खिशात."

त्याच संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप काढला आणि गाडीच्या यादीतून रुपेशची चावी पुसून टाकली. रागाच्या भरात. उद्या परवा नाक घासत येईल, चावी मागेल, तेव्हा देईन, असा हिशेब.

मुलगा आला नाही. फोन बंद. सुरतेला कोणी पाहिला म्हणून दोनदा जाऊन आले, तिथे नव्हता. तीन महिने गेले. मग शेलारला पुतण्याची हळद होती. त्यांच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी, घरात कोणी मागे राहत नाही. नवरा-बायको दोघं सकाळीच कुलूप लावून गेले. संध्याकाळी परत आले तर गाडीची सीट मागे सरकलेली.

"मी बुटका. माझी सीट पार पुढं. बघितली न मी पानवाल्याकडं धावलो, बाई."

समोरच्या पानवाल्याने सांगितलं, "चाचा, आपका लड़का आया था. बहुत देर गाड़ी में बैठा रहा. फिर चला गया." पात्याने दार उघडलं होतं. इंजिनाने त्याला ओळखलं नव्हतं. बाळारामांनी मशीन लावलं. गाडीच्या डोक्यात नोंद होती, अनोळखी चावी, सात वेळा.

"सात येला लावली त्यानं," ते म्हणाले. "दोनदा लावली आसती तर मी बोल्लो आसतो, गाडीची ब्याटरी उतरलीय समजला आसंल. पन त्याला सगला कलतो ना. पयल्या येलेलाच समजला आसंल, बापानं पुसली. तरी सात येला लावली."

वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी मी, खिडकीच्या काचेवरचं तूस बोटाने पुसत राहिले.

पुढचं त्यांनी घाईघाईने सांगितलं. जुनी यादी लॅपटॉपमध्ये जपलेली होतीच. त्याच दिवशी ती त्यांनी गाडीत परत घातली. तेव्हापासून गाडी रुपेशला ओळखते. त्याने कधीही येऊन चावी लावावी, पहिल्या फटक्यात चालू होईल. म्हणून रोज चारला इंजिन सुरू करायचं, बॅटरी उतरता कामा नये. आणि सीट त्याने ठेवली तशीच राहू द्यायची.

"गाडीला ठावं हाय," ते म्हणाले. "त्याला कोन सांगनार?"

इतक्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या गाडीजवळून गेले की आत न बघता पुढे जाऊ शकले नाही. रिकाम्या सीट मी खूप पाहिल्या आहेत. ही रिकामी नव्हती. तिथे कोणीतरी बसून चावी फिरवतंय आणि गाडी ओळख देत नाही, असं मला भरदुपारी वाटायचं. सुधीरला सांगितलं तर तो म्हणाला, शाळा सुटली की सरळ घरी येत जा. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मग रस्ता रुंदीकरण आलं. दुकानांवर लाल खुणा झाल्या. बाळारामांनी भिवंडीतच नारपोलीला एक गाळा घेतला, वर राहायला खोली. सामान एका टेम्पोत मावलं. प्रश्न गाडीचा होता. ती हलवली तर मुलगा येऊन बघणार काय?

ते एका सकाळी पत्र्याचा पांढरा रंगवलेला बोर्ड घेऊन माझ्या शाळेत आले. "बाई, तुमचा अक्षर चांगला हाय. लिवा."

"काय लिहू? दुकान स्थलांतरित झाले आहे?"

"दुकानाचा मरू द्या. लिवा, गाडी नारपोलीला हाय. जुनी चावी चालते."

मी खाली नव्या गाळ्याचा पत्ता घातला. त्यांनी बोर्ड हातात धरून पुन्हा पुन्हा वाचला. मग विचारलं, "बापाचा नाव नको ना टाकायला? नाव बघून मागं फिरंल." मी म्हटलं, बघणाऱ्याला कळेल कोणी लिहिलंय ते. मी आयुष्यात फळ्यावर जे काही लिहिलं त्यात तेवढ्याच एका ओळीची मला काळजी वाटली. बोर्ड त्यांनी जुन्या दुकानासमोरच्या विजेच्या खांबाला तारेने घट्ट बांधला. येणारे-जाणारे वाचून हसत. कोणाची गाडी, कसली चावी? हसू दे.

गाडी न्यायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. सुधीर उंच आहे, तो चालवत नेईल म्हणून त्यालाही ओढून नेलं होतं. बाळाराम हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमी बसू नका." मग मी म्हटलं, "तुम्ही सीट पुढे घ्या, पोचलात की परत मागे सरकवा. खाचा मोजून ठेवा."

"मोजल्यात. नऊ खाचा हायत," ते म्हणाले. "पन मी सरकवली का ती माझी सीट झाली, बाई."

शेवटी शिफ्ट संपवून आलेले लूमवरचे चार कामगार गाडी ढकलायला तयार झाले. त्यातल्या एकाने विचारलं, "चाचा, चाबी तो आपके पास है. चालू क्यों नहीं करते?"

"चालू है, बेटा," बाळाराम म्हणाले. "चलानेवाला नहीं है."

निजामपुऱ्यापासून नारपोलीपर्यंत, टेम्पोंचे हॉर्न आणि रिक्षावाल्यांच्या शिव्या खात, एक धडधाकट गाडी ढकलत नेली त्या लोकांनी. बाळाराम उजव्या बाजूने चालत होते. उघड्या खिडकीतून आत हात घालून त्यांनी स्टिअरिंग धरलं होतं. लहान मुलाला पहिल्यांदा सायकलवर बसवलं की बाप बाजूने चालतो, तसे ते चालत होते, मधूनच रिकाम्या सीटकडे बघत. वळणावर गाडी दिसेनाशी झाली. मी त्यांना पाहिलं ते तेच शेवटचं.

पावसाळ्यात माझं ऑपरेशन झालं, नारपोलीला जाणं राहून गेलं. दिवाळीनंतर कळलं, बाळाराम गेले. चारच्या सुमारास गाडीत बसले होते, चहा घेऊन वहिनी आल्या तेव्हा हात डॅशबोर्डवरच होता आणि इंजिन चालू होतं. वहिनींनी वाकून ते बंद केलं आणि मग लोकांना हाक मारली.

मी जाऊ जाऊ म्हणत तेरावंही चुकवलं. गेले तेव्हा महिना होत आला होता. गाळ्याचं शटर बंद. समोर गाडी नव्हती. जमिनीवर सगळीकडे तूस पसरलेलं, आणि मधोमध गाडीच्या मापाचा एक झाडून स्वच्छ ठेवलेला चौकोन. माझ्या मनात आलं, वहिनींच्या दिरांनी विकली. मला इतका राग आला की जिना चढताना मी मनातल्या मनात भांडत होते.

वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "बाई, बघितलंव ना? न्हेली गाडी."

"कोणी नेली?"

"तेरावा होऊन आठ दिस झालं होतं. दुपारची मी पडली होती. खाली इंजानाचा आवाज आला. म्या उठली न चहाचा आधान ठेवला." त्या माझ्याकडे नाही, गॅसच्या शेगडीकडे बघत होत्या. "साखर टाकली. दूध टाकला. चहा उतू आला तवा मना आठवला, ह्ये तर न्हायत. मंग खाली चालू कोनी केली? जिना उतरून जाईपर्यंत गाडी गेलती."

काच फुटलेली नव्हती. बाळारामांची चावी वर खिळ्याला टांगलेली होती, मला दाखवली त्यांनी. दीर म्हणत होते पोलिसांत तक्रार करू, गाडी चोरीला गेली. वहिनींनी करू दिली नाही. आवाज ऐकल्याचंही त्यांनी दिरांना सांगितलं नव्हतं.

मला त्या मुलाचा संताप आला, आणि मी तो बोलून दाखवला. खालपर्यंत आला, गाडी घेतली आणि आईला तोंड न दाखवता गेला? दोन पायऱ्या चढला असता तर काय झालं असतं?

"चढंल," वहिनी म्हणाल्या. "त्या दिशी चालू झाली त्याची. एवढाच बघायला आला आसंल. आता त्याला कलला ना, पुसली न्हाय ती."

आणि मग स्वतःशीच, "सीट पन सरकवायला लागली नसंल."

खाली रस्त्यावर कोणाची तरी गाडी सुरू झाली. आम्ही दोघीही बोलायच्या थांबलो. आवाज दूर गेला, मागांची खडखड पुन्हा ऐकू यायला लागली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत आले होते. वहिनी उठल्या, त्यांनी आधण ठेवलं आणि ओट्यावर कप मांडले. दोघीच होतो आम्ही. कप तीन होते.